बॉबीचे ठिपके आले, गाठ नाही आली

तुम्ही विचारलंय: कॉलेजच्या गॅदरिंगला दशकांचा फॅशन शो आहे. त्या त्या दशकाची धाडसी फॅशन खरंच सिनेमा-टीव्हीमुळे ठरली, की आपण नंतर तसं म्हणतो?

मी बेळगावात शहापूरला लेडीज टेलर आहे. वडिलांनी १९७१ साली हे दुकान सुरू केलं. त्यांच्या मापाच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, म्हणून हे उत्तर त्या वह्या समोर ठेवूनच लिहिते. सिनेमाने फॅशन दाखवली, हे खरं. पण त्यातलं किती गल्लीत उतरलं, ते कापडावर, शिंप्याच्या हातावर आणि गिऱ्हाइकाच्या आईवर ठरलं.

‘बॉबी’ आला १९७३ साली. डिंपलचा तो ठिपक्यांचा, पोटावर गाठ मारलेला ब्लाउज तुम्हाला माहीतच असेल. फॅशन शोमध्ये सत्तरचं दशक म्हटलं की हटकून तोच दाखवतात. पण वडिलांच्या त्या सालातल्या वहीत गाठीचा ब्लाउज एकही नाही. ठिपके मात्र पानोपानी आहेत. ठिपक्यांचा ब्लाउज, ठिपक्यांचा फ्रॉक, ठिपक्यांच्या साडीवर साधा ब्लाउज. वडील सांगायचे, ठिपक्यांचं पॉपलिन दुकानातून आठवड्यात संपायचं. पोट उघडं टाकायचं धाडस शहापूरच्या पोरींना परवडणारं नव्हतं. त्यातलं जे परवडणारं होतं, ते त्यांनी उचललं. म्हणून जुन्या अल्बमात तुम्हाला पडद्यावरची फॅशन क्वचितच अख्खी सापडेल. तिचा एखादा तुकडा सापडेल, तो बघायला शिका.

बेलबॉटमचं उलट झालं. ते अख्खंच आलं. तेव्हा वडील प्यांटही शिवायचे. वहीत १९७१ ला मोरी, म्हणजे प्यांटीचा खालचा घेर, १८ इंच आहे, १९७५ ला २६. परदेशात खलाशांचा हा पोशाख हिप्पी पोरांनी उचलला, तिथून तो हिंदी सिनेमात आला, हे सगळे सांगतात. कापडाचं कुणी सांगत नाही. सुती कापडाची एवढी रुंद मोरी पायात गुंडाळते, दोन धुण्यांत ढिली पडते. त्याच वर्षांत पॉलिएस्टरचं टेरीकॉट आणि डबलनिट कापड घरोघरी पोचलं. त्याची क्रीज मोडत नाही आणि मोरी घंटेसारखी उभी राहते. वडिलांनी कॅम्पातल्या मिलिटरीच्या शिंप्याकडे काम शिकलेलं, त्यामुळे क्रीजच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. ज्याला नवी प्यांट परवडायची नाही त्याची जुनी प्यांट गुडघ्याखाली उसवून ते दुसऱ्या रंगाची तिकोनी कळी घालून द्यायचे. वहीत त्याला ‘कळी’ असंच लिहिलंय, आणि अशा नोंदी नव्या प्यांटींपेक्षा जास्त आहेत. तुमच्या शोमध्ये कुणी कळीची प्यांट घातली तर सत्तरचं दशक जास्त खरं वाटेल.

१९७५ च्या ‘दीवार’मध्ये अमिताभच्या शर्टाला खाली गाठ आहे. तो शर्ट चुकून गुडघ्यापर्यंत लांब शिवला गेला होता, शॉट तयार होता, म्हणून गाठ मारली, असं अमिताभ यांनीच सांगितलंय. वडील गेल्यावर ही गोष्ट माझ्या वाचनात आली. त्यांना सांगायला मिळाली असती तर, असं फार वाटतं. शिंप्याची चूक देशभर फॅशन झाली!

साठच्या दशकासाठी साधना कट पुरे. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) मध्ये दिग्दर्शकाने साधनाचे केस हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखे कपाळावर कापून घेतले, तिचं कपाळ मोठं दिसायचं म्हणून. त्याला शिंपी लागत नव्हता, घरातली कात्री पुरायची. त्यामुळे तो भराभर पसरला. ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत डिस्को कपड्यांबद्दल मला फार सांगता येणार नाही. आमच्याकडे ते गणपतीतल्या डान्सला घातले गेले, रस्त्यावर नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. १९९४ साली मी चौदा वर्षांची होते, शाळेतून आले की दुकानात हुक लावायला बसायची. ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीची जांभळी साडी, उघड्या पाठीचा ब्लाउज सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. पुढचे कितीतरी महिने तीच मागणी. खानापूरकडची एक मुलगी आईबरोबर आली होती. आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच म्हणाली, “काका, मी पण तसंच शिवून घेतो बघा.” वडिलांनी आईकडे बघितलं. आता ती नको म्हणेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “पिच्चर आम्ही पण बघून आलोय की. घरातलंच पिच्चर हाय. घाला पाठ मोठी, फक्त एक इंच वर घ्या.” त्याच दिवसांत कन्नड बोलणारी गिऱ्हाइकंही फोटो पुढे करून म्हणायची, “हंगऽ बेक्री”, म्हणजे अगदी तसंच पाहिजे.

उघडी पाठ त्याआधी सिनेमात नव्हती असं नाही. पण ती बहुतेक क्लबात नाचणाऱ्या बाईची असायची. इथे तीच पाठ लग्नघरात, सासू-सासऱ्यांसमोर, जरीच्या साडीवर दिसली. आयांनी तो सिनेमा स्वतः लेकींना घेऊन बघितला होता, त्यामुळे नाही म्हणायला जागाच उरली नाही. धाडस कपड्यात तेवढंच होतं, ते कुठल्या प्रसंगी घातलं यावर त्याचं रूप बदललं. वहीत १९९३ पर्यंत मागचा गळा साडेचार-पाच इंच आहे, १९९५ ला साडेसात. तो ‘एक इंच वर’ मात्र प्रत्येक नोंदीत धरलेलाच आहे. वडील गिऱ्हाइकाला विचारायचेही नाहीत, मनानेच धरायचे.

वडिलांना भानू अथय्या यांचा फार अभिमान होता. त्या कोल्हापूरच्या, म्हणजे आमच्यापासून तीन तासांवर. १९८३ साली त्यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. ‘ब्रह्मचारी’त (१९६८) मुमताजची घट्ट शिवलेली केशरी साडी त्यांचीच. तेव्हा ती आमच्याकडे कुणी शिवून मागितली नसती. आज माझ्याकडे गणपतीच्या आधी शिवलेल्या नऊवारीची रांग लागते. पन्नास वर्षांनी का होईना, शिवलेली साडी आली, आणि तीही सणाचं निमित्त धरूनच.

गेल्या पंधरा वर्षांत मालिकांचा हात मोठा आहे. २०१३ नंतर ‘होणार सून मी ह्या घरची’तल्या जान्हवीचं मंगळसूत्र सोनाराकडे नावाने मागत होते. मग चंद्रकोर टिकली, मग खण. खणाचं मला विशेष वाटतं, कारण तो आमच्याच भागाचा, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. माझ्या आजीच्या चोळीचं कापड. मी लहान असताना खणाची चोळी म्हातारीची म्हणून पोरी नाक मुरडायच्या. आता मुंबई-पुण्याच्या मॉडेलने खणाची साडी नेसल्यावर त्याच गल्लीतल्या पोरी खणाचे जॅकेट, बॅग शिवून मागतात. आपल्याच घरातली वस्तू पडद्यावरून फिरून आली की धाडसी होते, आणि त्यात विणकराला काम मिळालं तर मला आनंदच आहे.

मुलांचं बघायचं तर ‘केजीएफ’ (२०१८) नंतरची दाढी. यशचा सिनेमा कन्नड, पण आमच्या गल्लीतल्या मराठी पोरांनीही तशीच वाढवली. सीमाभागात भाषेवरून किती ताण असतो ते आम्ही रोज बघतो. दाढी कुठल्या भाषेतली हे कुणी विचारलं नाही.

शोसाठी बेलबॉटम शिवून घेणार असाल तर एक ऐका. लायक्रा मिसळलेलं कापड घेऊ नका, मोरी लोंबते. जाड पॉलिएस्टर सूटिंग घ्या, गुडघ्यापर्यंत घट्ट ठेवा आणि तिथून पुढे मोरी २४ इंच धरा. कळी घालणार असाल तर ती प्यांटीपेक्षा जड कापडाची नको, शिवणीवर चुण्या पडतात.