ससा खात नाहीये, सकाळपर्यंत थांबू का?

प्रश्न: डॉक्टर, आमचा ससा तीन वर्षांचा आहे. काल रात्रीपासून काहीच खात नाहीये, आवडता पाला पुढे केला तरी तोंड फिरवतो, कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. लेंड्या मोजक्याच आणि एकदम बारीक. उलटी नाही, जुलाब नाही, हात लावून बघितलं तर तापही वाटत नाही, त्यामुळे पोटाला जरा आराम म्हणून एखाद दिवस उपास पडू द्यावा असं घरच्यांचं म्हणणं आहे. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. तुम्हाला मी त्याच दिवशी मेसेज करून व्हेटकडे पाठवलं, इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

पहिलं म्हणजे सशाला उलटी होतच नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळे "उलटी नाही" यात दिलासा मानण्यासारखं काही नाही. आणि कुत्र्याला एखाद दिवस उपाशी ठेवलं तर चालून जातं, सशाचं तसं नसतं, त्याच्या आतड्यातून चारा सतत पुढे सरकत राहायला लागतो. तो थांबला की सीकम म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जी भलीमोठी पिशवी असते तिथल्या जिवाणूंचं गणित बिघडतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजून मंदावतं. यालाच जीआय स्टॅसिस म्हणतात. १०-१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या की मी इमर्जन्सी धरते, मग रात्रीचे २ का वाजलेले असेनात. लठ्ठ ससा असेल तर अजूनच घाई करा, कारण उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठून ते निकामी व्हायला लागतं.

तापाचं म्हणाल तर सशाचं नॉर्मल टेंपरेचरच साधारण ३८.५ ते ४० सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त. इथे मला भीती तापाची नसते, अंग गार पडण्याची असते. ३८ च्या खाली गेला, कान थंडगार लागले, तर वेळ फार कमी आहे असं समजा. दुखत असलं तरी ससे ओरडत नाहीत, लपवतात (शिकार होणारा प्राणी, दुसरं काय करणार). मग बघायचं काय, तर डोळे अर्धवट मिटलेले, पोट जमिनीला दाबून बसणं, सारखी जागा बदलणं आणि दात करकर वाजवणं. कुरवाळताना खुशीत हलके दात वाजतात ते वेगळं, हे मोठ्याने आणि एकटा बसलेला असताना वाजतात.

घरी काय करता येईल? ऊब द्या, कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा पण त्याला नको असेल तर बाजूला सरकता यायला पाहिजे. पाणी आणि गवत पुढे असू द्या आणि लेंड्यांचा फोटो काढून घ्या, डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होतो. गॅसचे सिमेथिकोन ड्रॉप्स लोक देतात, सहसा अपाय होत नाही पण ते दिले म्हणून थांबून राहू नका, तो काही इलाज नाही. आणि सिरिंजने जबरदस्तीने भरवायची घाई तर बिलकूल नको. आपोआप मंदावलेलं आतडं वेगळं आणि आत केसांचा गोळा वगैरे अडकून बंद पडलेलं आतडं वेगळं. सकाळी उड्या मारणारा ससा दुपारी एकदम आडवा पडला, पोट फुगून टणक लागतंय, तर आत काहीतरी अडकलंय अशी शंका घ्यायची, अशा वेळी वरून अन्न ढकललं तर पोट अजून ताणतं आणि जीव जातो. म्हणून आधी तपासणी आणि एक्स-रे. काही अडकलेलं नसेल तर सलाईन, वेदनाशामक, ऊब, मग सिरिंजने रिकव्हरी फूड (आजारी सशासाठीचं पातळ खाद्य) आणि लागलं तर आतड्याची हालचाल वाढवणारं औषध. यातलं वेदनाशामक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, दुखायचं थांबल्याशिवाय ससा तोंड उघडत नाही.

बरा झाला तरी डॉक्टरला दाढा बघायला सांगाच. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुरेसं गवत चावलं नाही तर दाढांना टोकं येऊन जीभ-गाल सोलतात आणि अर्धे "पोटाचे" पेशंट मुळात दातांचे निघतात.

प्रश्न: माझ्या सशिणीच्या मागे मऊ, चिकट, वास मारणारं काहीतरी रोज चिकटलेलं असतं. खाते व्यवस्थित. हे जुलाब आहेत का?

उत्तर: बहुतेक नाहीत. द्राक्षांच्या घडासारख्या मऊ चकचकीत गोळ्या असतील तर ते सीकोट्रोप, म्हणजे सीकममध्ये तयार होणारी मऊ विष्ठा, ससे त्या थेट खातात आणि त्यातून त्यांना प्रोटीन, बी व्हिटॅमिन मिळतात. तिने त्या मागे सोडल्यात म्हणजे एकतर पेलेट (विकत मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या), फळं, गाजर जास्त होतंय किंवा वजनामुळे नाहीतर पाठ-सांधे दुखतात म्हणून तोंड तिथवर पोचत नाहीये. गोड बंद करा, पेलेट कमी करा, रोज तिच्या अंगाएवढा ढीग वाळलेलं गवत द्या आणि मागचा भाग रोज साफ करा, माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या व्हायला एक दिवसही पुरतो. खरे जुलाब म्हणजे पाण्यासारखे, गोळीचा पत्ताच नाही, ते झाले तर लगेच दवाखाना. पिल्लू असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) हे नेहमीचं कारण, विष्ठा तपासून घ्या.

प्रश्न: घरात मुलाचं अमॉक्सिसिलिन सिरप उरलंय, थोडं दिलं तर?

उत्तर: नको! अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं आणि क्लिंडामायसिन सशाला तोंडाने दिली की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात, ससा जाऊ शकतो. सशाला चालणारी अँटिबायोटिक आहेत, ती डॉक्टर देतील.

प्रश्न: नसबंदीच्या आधी रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलंय, ठेवू?

उत्तर: भूल दिल्यावर उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, सशाला उलटी होतच नाही म्हटल्यावर कशाला? गवत शेवटपर्यंत पुढे असू द्या, डॉक्टरशी परत बोलून घ्या आणि ऑपरेशननंतर लगेच खायला मिळावं म्हणून त्याचं नेहमीचं गवत डब्यात बरोबर न्या.