समजूत कुणाची घालायची?

पत्र: “माझी मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित उत्तम, पहिल्या वर्षी ७६ टक्के. तिनं अतिवाहकतेच्या (सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थातून वीज अजिबात रोध न होता वाहणं) सिद्धान्तात पीएचडी करायची, असं आम्ही घरी ठरवलं आहे. नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या सुपरकंडक्टरचा शोध तोंडावर आलाय आणि तो लावणाऱ्याला नोबेल नक्की, असं वाचलं. मधे दोन महिने ती एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टला गेली आणि तेव्हापासून तेच डोक्यात घेऊन बसली आहे. रात्री अकरापर्यंत थांबायचं, हेलियम भरायचा, सोल्डरिंग करायचं, हे काय शास्त्रज्ञाचं काम? थिअरीला मान आहे, शिवाय काम घरी बसून, वेळेत होतं. परीक्षा कोणत्या द्याव्यात आणि तिची समजूत कशी घालावी?”

उत्तर: परीक्षांचं आधी उरकते. नेट, गेट, जेस्ट. काही संस्थांची स्वतःची प्रवेश परीक्षाही असते. थिअरी आणि प्रयोग, दोन्हींकडे याच दारानं जातात. फरक मुलाखतीत पडतो. ७६ टक्क्यांची काळजी सोडा.

काळजी मला दुसरीच वाटते. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला काय हवंय हे त्यात एकाच ठिकाणी येतं आणि तेही तक्रार म्हणून. कुणी बळजबरी न करता ती रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत थांबत होती. साहेब, या पत्रातलं तिचं सगळ्यात चांगलं प्रशस्तिपत्र हेच आहे. पीएचडीची पाच-सहा वर्षं विषयाच्या नावावर निघत नाहीत. रोजचं कंटाळवाणं काम आवडलं तर निघतात. तारा जोडणं, गळती शोधणं, रात्रभर चाललेलं मोजमाप सकाळी बाद ठरणं, हे तिनं पाहिलंय आणि तरीही तिला परत जायचंय. थिअरीचा असा एक आठवडाही तिनं घालवल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आता तो गैरसमज, की डोकं थिअरीवाल्यांचं आणि प्रयोगवाले म्हणजे मेकॅनिक. अतिवाहकतेचा इतिहास याच्या बरोबर उलटी साक्ष देतो. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये लायडनला आधी हेलियम द्रवरूप केला, म्हणून तर १९११ मध्ये ४.२ केल्विनच्या (उणे २६९ अंश सेल्सियसच्या) आसपास पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होताना दिसला. का, ते सांगायला ४६ वर्षं लागली. मधल्या काळात आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन अशा मंडळींनी प्रयत्न करून पाहिले आणि हात टेकले. मोठा धागा मिळाला तो १९५० मध्ये, पुन्हा प्रयोगातूनच: पाऱ्याचा समस्थानिक बदलला, म्हणजे पाराच पण जड किंवा हलक्या अणूंचा घेतला, की अतिवाहक होण्याचं तापमानही बदलतं. म्हणजे अणूंच्या कंपनांचा यात हात आहे. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी, या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि त्या रोधाविना वाहतात, असा सिद्धान्त मांडला, आणि १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अशी अतिवाहकता दाखवली की तो सिद्धान्त अपुरा पडला. त्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. त्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेमक्या कशामुळे जुळतात, यावर थिअरीवाल्यांचं आजही एकमत नाही. कागदावरून शोध लागतच नाहीत असं मी म्हणत नाही. जोसेफसननं १९६२ मध्ये संशोधक विद्यार्थी असतानाच, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच्या नावानं ओळखला जाणारा परिणाम गणितानं आधी सांगितला होता. पण एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवावं, असं या विषयात काही नाही.

‘घरी बसून, वेळेत’ हेही विसरा. या क्षेत्रातला थिअरीवाला दिवसाचे अनेक तास संगणकावर कोड लिहितो. हबर्ड मॉडेल नावाचं, पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं एक साधं दिसणारं प्रारूप आहे. त्यात प्रत्येक अणुस्थानाच्या चार अवस्था धरतात. स्थानं वीस घेतली तरी एकूण अवस्था एक लाख कोटींच्या वर जातात. त्यांच्याशी झुंजताना चूक रात्री दोनलाही सापडते.

नोबेलचं म्हणाल, तर एलके-९९ आठवा, नेहमीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा झालेला तो पदार्थ. २०२३ मध्ये जगभर गाजावाजा झाला आणि काही आठवड्यांतच तो दावा फुसका ठरला. हायड्रोजनयुक्त पदार्थ २५० केल्विनच्या आसपास अतिवाहक होतात हे खरं, पण त्यासाठी दहा लाख वातावरणांहून जास्त दाब लागतो. शोध उद्या लागेल की पन्नास वर्षांनी, कुणी सांगू शकत नाही. पोरीचं आयुष्य त्यावर लावू नका. पोटापाण्याचं पाहायचं तर थिअरीत कायमच्या जागा मोजक्या. अतिशीत तापमान, निर्वात यंत्रणा, सूक्ष्म मोजमाप ही हाताची कामं मात्र एमआरआयच्या चुंबकांपासून क्वांटम संगणकांपर्यंत लागतात.

मला शंका येते की तुमची खरी भीती त्या रात्रीच्या अकराची आहे. तसं असेल तर ती गैर नाही, पण सरळ तसं म्हणा. रात्री प्रयोगशाळेत आणखी कोण असतं, हेलियम हाताळण्याचं प्रशिक्षण कोण देतं, वसतिगृह किती लांब आहे, या प्रश्नांना उत्तरं असतात आणि ती विचारणं बापाचं कामच आहे. त्यासाठी सोल्डरिंगला नावं ठेवायची गरज नाही. तिची समजूत घालायला मी काही मदत करणार नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला थिअरीही आजमावायची असेल, तर तिनं एक करावं. बार्डीन-कूपर-श्रिफर सिद्धान्तात शून्य केल्विनला ऊर्जेतली फट (इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचं माप) आणि संक्रमण तापमान (अतिवाहक होण्याचं तापमान) यांचं एक ठरलेलं गुणोत्तर येतं, १.७६. ते आधी हातानं सोडवावं, मग स्वतः प्रोग्रॅम लिहून तोच आकडा काढावा आणि तापमान वाढेल तशी फट कशी मिटत जाते याचा आलेख काढावा. ते करताना कुठे अडली आणि अडल्यावर काय केलं, एवढं मला कळवावं. प्रोजेक्टमधलं कोणतं मोजमाप फसलं आणि मग तिनं काय केलं, हेही. दोन्ही वाचून मी तिलाच उत्तर देईन.