पत्राआधी पाकीट जपा

तुमच्या आईंना पेन्शनची आठवण देऊन मत मागणारं आमदारांचं पत्र आलं, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या सासूबाईंना आलेलं पत्रच डोळ्यांसमोर आलं. तेच सगळं: श्रावणबाळची पेन्शन 'मिळवून दिल्या'ची आठवण, आमदारांची सही, वर तीन सिंहांची मुद्रा आणि शेवटी 'असेच आशीर्वाद मतपेटीतूनही द्या'. तुमच्याकडे सातारा जिल्ह्यात, आमच्याकडे सांगलीत, मजकूर जणू एकाच छापखान्यातला.

मुद्रा वापरली म्हणून तक्रार होईल का, असं विचारलंय. मी वकील नाही, पण त्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. राजमुद्रेच्या वापराबद्दलचा २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम यांनुसार विद्यमान आमदाराला लेटरहेडवर मुद्रा वापरता येते, माजी आमदाराला नाही. आमदारांना टपाल-स्टेशनरीसाठी भत्ताही मिळतो. त्यामुळे नुसतं पत्र दाखवलं की समोरचा हसून वाटेला लावतो. मुद्दा दोनच गोष्टींचा आहे: टपालाचा खर्च कुठल्या सरकारी कार्यालयाने केला आणि पत्र कधी टपालात पडलं. ही दोन्ही उत्तरं पाकिटावर असतात.

आमच्या पाकिटावर साधं तिकीट नव्हतं, फ्रँकिंग मशिनचा, म्हणजे तिकिटाऐवजी टपालखर्चाचा शिक्का मारणाऱ्या यंत्राचा, छाप होता. त्यात तारीख असते आणि मशिनचा क्रमांकही, त्यावरून मशिन कोणाचं ते काढता येतं. पत्त्याच्या चिठ्ठीवर सासूबाईंचं आडनाव चुकलेलं होतं, आणि नेमकी तीच चूक पेन्शनच्या कागदांत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे यादी कुठून गेली हे शेंबडं पोरही सांगेल.

हे सगळं घेऊन मी एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. टेबलावरच्या माणसाने पत्र अर्जाला टाचलं आणि 'पाकिटाचं काय काम?' म्हणून पाकीट बाजूच्या टोपलीत टाकलं. मी मागितलं तर म्हणे, 'आता ते आमच्याकडे जमा झालं.' पोच दिली त्यावर लिहिलं, 'सोबत पत्र १'. पुढे उत्तर आलं, 'सदर पत्र आचारसंहितेपूर्वीचे असल्याचे दिसून येते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' पत्रावर छापलेली तारीख आधीची होतीच हो! पाकिटावरच्या छापातली नंतरची होती. ती बघायला पाकीट उरलंच नाही. अजून आठवलं की हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसाला तिच्या हक्काच्या पैशावरून मत मागायचं, आणि त्याचा पुरावा कचऱ्यात टाकायचा.

तारखेची ही पळवाट नेहमीचीच. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचे 'विकसित भारत'चे व्हॉट्सॲप संदेश आचारसंहिता लागल्यावरही लोकांना येत होते. निवडणूक आयोगाने ते थांबवायला सांगितले, तेव्हा माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचं म्हणणं हेच होतं की पाठवले आधी, पोचले उशिरा. अमेरिकेत लोकप्रतिनिधींना सहीवर फुकट टपाल पाठवता येतं, पण तिथेही स्वतःच्या निवडणुकीआधीचे ६० दिवस घाऊक पत्रं पाठवायला बंदी आहे. आपल्याकडे आचारसंहितेच्या आदल्या दिवशीपर्यंत रान मोकळं. माझ्या मते अशी मुदत इथेही हवीच.

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढा. मूळ पाकीट कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या, आणि पोचवर 'पाकिटाची प्रत' हे शब्द लिहून घ्या. मग माहिती अधिकारात फक्त दोन गोष्टी मागा: छापावरच्या तारखेच्या आसपासची जावक (बाहेर गेलेल्या टपालाची) नोंदवही आणि फ्रँकिंगच्या खर्चाची नोंद. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लागतो, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. 'या कार्यालयाशी संबंधित नाही' म्हणून परत पाठवतील, तर कलम ६(३) दाखवा, अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर थेट पहिलं अपील.

पाकिटात रंगीत पत्रकही असेल तर त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा. निवडणुकीच्या पत्रकावर तो नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रक खात्याच्या खर्चाने छापलेलं असेल तर सरकारी जाहिरातींत नेत्यांचे फोटो छापण्यावर मर्यादा घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकालही जोडा. २०१६ मध्ये त्यात मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या फोटोंना मुभा मिळाली, साध्या आमदाराच्या नाही. पत्रकाला जाहिरात म्हणायचं का यावर वाद घालतील, घालू द्या.

अजून एक. निवडणूक जिल्हा परिषद-पंचायत समितीची असेल तर तक्रार राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, लेखीच द्या. केंद्रीय आयोगाकडे धाडली तर नुसते दिवस जातील.

तक्रार केली तर पेन्शन बंद करतील ही तुमच्या आईंची भीती मला कळते, सासूबाई आजही त्या पत्राचा विषय काढू देत नाहीत. तक्रार आणि माहितीचा अर्ज दोन्ही तुमच्या नावाने करा, त्याला लाभार्थी असावं लागत नाही. प्रत जोडताना आईंचं नाव आणि पत्ता झाका, छाप तेवढा स्पष्ट दिसू द्या.