समुद्र सगळ्यांचाच आहे, मग पर्ससीनवाल्यांनी (थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवाल्यांनी) जास्त मासे मारले तर बिघडलं कुठे?

दोन सीझन मी एका पर्ससीन बोटीचा हिशेब लिहायचो आणि माझे काका मालवणात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर. त्यामुळे हा वाद आमच्या घरात रोज ताटावर व्हायचा.

'सगळ्यांचा' म्हणजे 'कोणीही कितीही न्यावं' असं दर्यावर कधीच नव्हतं. रापण बघा. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून येते, मग तीस-चाळीस माणसं किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर खेचतात. मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, दोराला हात लावणाऱ्याचाही. एका रापणीची पाळी असली की दुसरी तिथे जाळं टाकत नाही. आणि थवा काठाला आलाच नाही, तर सगळे रिकाम्या हाती घरी.

पर्ससीन म्हणजे आजीचा बटवा. यंत्रावर थवा दिसला की त्याला जाळ्याचा घेर घालायचा, तळाच्या कड्यांतली दोरी ओढायची, तोंड बंद. लहानमोठं सगळं आत. एकदा क्रेट उतरवताना बांगडा बघितला, जेमतेम करंगळीएवढा. तो घरी कोण नेणार? फिशमीलच्या, म्हणजे माशांची पूड करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत गेला, मातीमोल भावाने. माझ्या वहीत डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, मालकाचा नफा, सगळ्याला रकाना होता. तोच बांगडा वाढून काठाला आला असता तर रापणकरांना काय मिळालं असतं, त्याला रकाना नव्हता. तो खर्च काकांच्या वाट्यातून गेला, आणि म्हणून आमचा नफा एवढा दिसायचा.

कायदा नाही असं नाही. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने आदेश काढला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे, मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. मासे उजेडाकडे ओढणाऱ्या एलईडी दिव्यांवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड लाखांत गेले. तरी मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहा, लांबवर लख्ख उजेड दिसला की काय ते समजा.

आमचा मालक राक्षस नव्हता हो. बोटीवर कर्ज, डोक्यावर हप्ते. म्हणायचा, "मी थवा सोडला तर कर्नाटकातला मलपीवाला नेईल." खोटंही नव्हतं ते. म्हणूनच एकट्या मालकाच्या चांगुलपणावर हे थांबत नाही, सगळ्यांना एकदम थांबवावं लागतं.

तिसऱ्या सीझनला मी गेलो नाही. तत्त्व वगैरे काही नाही, त्याने माझा पगार थकवला होता.