सोलापुरात भूकंपमापक कोठे बसवावा

आपण नुकताच फिरता भूकंपमापक घेतला आहे, म्हणून माझा पहिला आग्रह जागेचा आहे. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उपकरण कलते. तेव्हा मुरूम ओलांडून काळा पाषाण लागेल तेथेच, यंत्रमाग, रेल्वेमार्ग आणि विहिरींवरचे पंप यांपासून शक्य तितके दूर, लहान खड्ड्यात ते समपातळीत व उत्तरेशी नेमके जुळवून बसवावे आणि वरून झाकावे, कारण वारासुद्धा झाडांच्या मुळांतून जमीन हलवतो. उपकरणाला जीपीएसवरून, म्हणजे उपग्रहांवरून मिळणारी वेळ रोज तपासावी.

अतिसौम्य धक्के बहुधा रात्रीच्या शांत नोंदींतच सापडतात. भूकंपाच्या प्राथमिक (आधी पोहोचणाऱ्या) व दुय्यम (मागून पोहोचणाऱ्या) लहरींच्या आगमनातील सेकंदांच्या फरकाला ८ ने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळते. स्थान ठरवायला मात्र निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. दिवसा ठरावीक वेळी येणारे धक्के खाणीतल्या सुरुंगांचे असू शकतात, म्हणून नोंद करण्याआधी आसपासच्या खाणींकडे चौकशी करावी.

हे कष्ट मला मोलाचे वाटतात, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधी, १९९२ मध्येच, त्या परिसराला लहान धक्के जाणवले होते.