वाचकांचे प्रश्न : आरव्हीतून अमेरिकेच्या वाळवंटात

प्रश्न : जुलैत लास वेगासहून पंचवीस फुटी मोटरहोम (आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्यानं घेऊन डेथ व्हॅलीचं वाळवंट आणि मेसा वर्दे व चाको कॅन्यन इथल्या प्राचीन वस्त्या पाहायच्या आहेत. बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत. बेत ठीक आहे का?

उत्तर : डेथ व्हॅली या बेतातून काढून टाका, हे आग्रहानं सांगतो. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो विक्रम बाजूला ठेवला तरी जुलैतली दुपार सरासरी ४७ अंशांची असते आणि रात्रीही पारा बहुधा तिशीच्या वरच राहतो. मोटरहोमचा छतावरचा एसी आत ओढलेली हवा साधारण १० ते ११ अंशांनी थंड करून सोडतो. पातळ भिंती आणि मोठी पुढची काच त्यातला बराच गारवा घालवतात. शिवाय अनेक भाडेकरारांत उन्हाळ्यात डेथ व्हॅलीला बंदी असते. तरी गेलात आणि गाडी बंद पडली, तर ओढून आणण्याचा खर्च तुमच्या माथी येतो.

या भागात बेत मैलांवर नव्हे, उंचीवर आखावा. दर हजार फूट चढलं की साधारण दोन ते तीन अंश उतरतात. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, तर मेसा वर्देतला बराचसा भाग ७,००० फुटांच्या वर. म्हणून उन्हाळ्यात उंचावरच्या प्राचीन वस्त्या आणि नोव्हेंबर ते मार्च खालची वाळवंटं. हिवाळ्यात डेथ व्हॅलीला गेलात तर एवढं ध्यानात ठेवा, की आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांहून लांब गाडीला मनाई आहे. भाड्याच्या गाडीची खरी लांबी जाहिरातीतल्या आकड्याहून जास्त निघू शकते, तेव्हा ती कागदपत्रांत पाहा.

मेसा वर्देत मोअरफिल्ड कॅम्पग्राउंडवर पूर्ण हुकअपच्या, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी जोडता येणाऱ्या, फक्त १५ जागा आहेत. त्या आधी राखून ठेवा. उद्यानातल्या वेदरिल मेसा या भागाचा रस्ता तुमच्या गाडीसाठी नाही. क्लिफ पॅलेस ही कड्याच्या कपारीतली प्राचीन वास्तू. ती रेंजरबरोबरच, आधी तिकीट काढून पाहता येते. वाटेत शिड्या आणि उंचसखल दगडी पायऱ्या आहेत. आईवडिलांना ते झेपणार नसेल तर वरच्या कठड्यावरून पूर्ण वास्तू छान दिसते.

चाकोचा शेवटचा १३ मैलांचा रस्ता कच्चा आहे. पावसात तो चिखलाचा होतो आणि जुलै हा तिथला वळिवाचा महिना. भाड्याच्या गाडीला कच्चा रस्ता बहुधा मनाच असतो. आत पेट्रोल आणि खाणं मिळत नाही. त्याऐवजी अ‍ॅझ्टेक रुइन्स हे प्राचीन वस्तीचं ठिकाण पाहा. डांबरी रस्त्यावर आहे, चाकोबरोबरच १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं आहे, आणि १९३४ मध्ये पुन्हा उभारलेल्या भव्य किवात, म्हणजे विधींसाठीच्या गोल दालनात, आत उतरता येतं. आमच्या मते तुमच्यासाठी हीच निवड योग्य.

पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर, तेही फक्त पिण्यासाठी. वयस्कांना तहान उशिरा जाणवते. त्यांना ठरावीक वेळानं पाणी देत राहा.

प्रश्न : हुकअप असूनही दुपारी ब्रेकर पडतो. एसी बिघडला आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. ३० अँपियरच्या जोडणीत १२० व्होल्टला ३,६०० वॅट मिळतात. एक एसी १२ ते १५ अँपियर घेतो, मायक्रोवेव्ह १२-१३, विजेवरचा गीझर तेवढेच. दोन उपकरणं कशीबशी बसतात, तिसरं चालू केलं की ब्रेकर पडतो. गीझर गॅसवर टाका आणि मायक्रोवेव्ह लावताना एसी बंद ठेवा.

दुसरं कारण अधिक घातक. दुपारी सगळ्यांचे एसी चालू असतात आणि व्होल्टेज खाली येतं. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर ठेवा. १०५ च्या खाली काटा गेला तर एसी बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढून तापतो आणि जळतो. बंद केल्यावर लगेच चालू करू नका. वायूचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. प्लगच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर जोड सैल आहे, प्लग बदलून घ्या. खांबावरचा ब्रेकर बंद केल्याशिवाय प्लग लावू किंवा काढू नका.

एसी सकाळीच सुरू करा. गाडी तापल्यावर चालू केलेला एसी संध्याकाळपर्यंत मागेच राहतो. हुकअप नसेल तर जनरेटर आहे, पण फर्नेस क्रीकला तो सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढाच चालवता येतो, आणि जोशुआ ट्रीच्या उद्यानातल्या कॅम्पग्राउंडवर हुकअप नाहीतच. बहुतेक मोटरहोममध्ये पेट्रोलची टाकी पाव भागावर आली की जनरेटर आपोआप थांबतो. तो दोष नाही. परतीपुरतं पेट्रोल उरावं म्हणून केलेली सोय आहे.

प्रश्न : तापलेल्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करावी का?

उत्तर : मुळीच नको. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकून आणखी तापतात आणि तो फुटतो. दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. चालताना दाब वाढणं गृहीत धरलेलं आहे. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांपुढे असलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर, खाचा कितीही खोल असल्या तरी, गाडी ताब्यात घेतानाच नाकारा.

प्रश्न : गॅसवरचा फ्रिज थंड का होत नाही?

उत्तर : गाडी समतल उभी आहे का, ते आधी पाहा, तिरप्या गाडीत फ्रिजला थंड करणाऱ्या अमोनियाचं अभिसरण अडतं. फ्रिज आदल्या रात्री सुरू करा, सामान गारच भरा, आत हवा खेळायला जागा ठेवा. गाडी अशी लावा, की फ्रिजच्या बाहेरच्या जाळीवर दुपारचं ऊन येणार नाही.