चार्टर म्हणजे विनाअनुदानित का हो, ताई?

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतले मराठी आई-वडील मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाची सरकारी शाळा चार्टर झाली, आता फी लागेल का? तिथला दाखला कॉलेजात चालेल का? त्याला तिथून काढावं का? चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण मंजुरी घेऊन आपला कारभार स्वतः पाहणारी शाळा. या भागात असं रूपांतर खरंच घडलेलं आहे. ग्रॅनडा हिल्सचं हायस्कूल २००३ साली चार्टर झालं, वुडलँड हिल्सचं एल कमिनो रिअल २०११ साली. इमारत तीच, मुलं तीच. पाटीवर एक शब्द वाढतो आणि घरातल्यांची झोप उडते.

अशाच एका आईची ही हकीकत. तिच्या संमतीनं सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळाही या दोन्हींपैकी नाही.

मुलगा दहावीत. वर्षभरापूर्वीच हे कुटुंब मराठवाड्यातून इकडे आलं होतं, मुलाला आत्ता कुठे मित्र मिळाले होते. शाळा चार्टर होणार असल्याचं पत्र घरी आलं आणि आईनं दुसऱ्या गावात भाड्याचं घर शोधायचा हट्ट धरला. रात्री तीनला उठून ती ते पत्र पुन्हा वाचायची. मुलानं जेवणाच्या टेबलावर बोलणंच बंद केलं. नवऱ्यानं मला फोन केला.

पहिल्या भेटीत मी तिला माहिती दिली. चार्टर शाळा ही सार्वजनिक शाळाच असते. अमेरिकेत असा कायदा प्रथम मिनेसोटानं १९९१ साली केला, कॅलिफोर्नियानं १९९२ साली. फी घेता येत नाही, धर्माचं शिक्षण देता येत नाही, राज्याच्या परीक्षा चुकत नाहीत. चालू सरकारी शाळेचं रूपांतर करायचं तर तिथल्या कायम शिक्षकांपैकी निदान निम्म्यांच्या सह्या लागतात. जुन्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना प्रवेशात प्राधान्य द्यावंच लागतं, म्हणजे घर बदललं असतं तर उलट तेच प्राधान्य गेलं असतं. मंजुरी जास्तीत जास्त पाच वर्षांची, मग नूतनीकरण. तिनं सगळं वहीत नीट उतरवून घेतलं, आभार मानले. पुढच्या आठवड्यात आली ती तशीच, डोळ्यांखाली काळं.

माहितीनं भीती जात नसेल तर भीती दुसऱ्याच कशाची तरी असते. म्हणून त्या दिवशी मी विचारलं, "चार्टर हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

"विनाअनुदानित," ती लगेच म्हणाली. आणि रडू लागली.

ती गणिताची शिक्षिका होती. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. २००१ नंतर महाराष्ट्रात नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी मिळत गेली. त्यातल्याच एका शाळेवर ती सात वर्षं होती. पगार नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, रात्री शेजारणींच्या ब्लाउजांची शिलाई. २००९ साली शासनानं 'कायम' हा शब्द काढला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले होते. अनुदान मात्र आलं नाही. मूल्यांकन, त्रुटी, पुन्हा मूल्यांकन. आझाद मैदानावर दोनदा जाऊन बसली. "ताई, माझी मुलं बोर्डात गणितात चांगली यायची हो. पण संस्थाचालकांपुढे मान वर करायची सोय नव्हती. शासनानं हात काढला की शाळेत काय होतं, ते मी पाहिलंय."

ही भीती अडाणीपणाची नव्हती. ती अनुभवाची होती, फक्त पत्ता चुकला होता. मी तसंच तिला सांगितलं. मग आम्ही कागदाची उभी घडी घातली. डावीकडे तिची शाळा, उजवीकडे मुलाची. डावीकडे शासनाचा पैसा शून्य. उजवीकडे मुलांच्या सरासरी रोजच्या हजेरीप्रमाणे सार्वजनिक पैसा. डावीकडे हिशेब संस्थाचालकांच्या कपाटात. उजवीकडे मंजुरी देणारा डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ, देखरेख ठेवतो आणि मंजुरी काढूनही घेऊ शकतो. चार्टर म्हटलं की सगळं आलबेल, असं मात्र मी म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. अशा शाळा बंद पडल्या आहेत, काहींचा कारभार ढिसाळ निघाला आहे. म्हणून पालकांनी बैठकांना जावं आणि अंदाजपत्रक मागावं. दहावी-बारावीच्या मुलांच्या आई-वडिलांनी एक प्रश्न तर विचारावाच: इथले विषय दुसऱ्या सरकारी हायस्कूलमध्ये धरले जातात का, आणि विद्यापीठाच्या प्रवेशाला चालतात का? हे पालकांना कसं कळवणार, ते चार्टरच्या मंजुरीसाठी केलेल्या अर्जातच लिहून द्यावं लागतं.

"तुम्ही शिक्षिका म्हणून जा," मी म्हणाले. "आई म्हणून घाबरलात, ते झालं."

पुढचे दोन आठवडे ती अर्ज वाचत होती, शब्दकोश बाजूला घेऊन. मग पालकसभेला गेली. मुलगा सोबत होता. इतर पालक वेळापत्रक आणि बसबद्दल विचारत होते. हिनं उठून विचारलं की शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचं काय, आणि डिस्ट्रिक्ट सोडून इथं येणाऱ्या शिक्षकाला परत जायचा हक्क राहतो का. कायद्याप्रमाणे या दोन्हींचा खुलासा अर्जात असावाच लागतो, आणि तो होता. सभेनंतर एक शिक्षिका मुद्दाम तिच्यापाशी येऊन बराच वेळ बोलत राहिली.

गाडीत मुलानं विचारलं, "आई, तुला हे सगळं कसं माहीत?" आई शाळेत शिकवायची एवढंच त्याला ठाऊक होतं. पगाराविना, हे नाही. तिनं घरी पोचेपर्यंत सगळं सांगितलं. पोचल्यावरही दोघं बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत.

घर बदललं नाही. शेवटच्या भेटीला तिनं तो अर्ज आणला होता. समासात जागोजागी तिच्या अक्षरातल्या नोंदी, लाल पेनानं. जिथं खुलासा पटला तिथं बरोबरची खूण, जिथं नाही तिथं गोल करून प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं अकरा होती. "पुढच्या बैठकीत विचारते," म्हणाली, आणि कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवले.